‘उत्तम शुक्रवार’ : नाम, तिथी आणि आचार

येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मृत्यूचा स्मरणदिन मराठी ख्रिस्ती समाजात ‘उत्तम शुक्रवार’ किंवा ‘शुभ शुक्रवार’ या नावाने ओळखला जातो. शोकाच्या दिवसास ‘उत्तम’ का म्हणावे, हा प्रश्न अभ्यासकास सहज पडतो. हे नाव इंग्रजीवरून आले असून त्यातील मूळ विशेषणाचा जुना अर्थ ‘पवित्र’ असा आहे. जर्मन भाषेत याच दिवसाचे नाव शोकवाचक आहे. ग्रीक परंपरेत तो ‘महाशुक्रवार’ होय.

तथापि ही कल्पना मराठी मनास सर्वस्वी परकी नाही. संतांच्या देहावसानाच्या दिवसास आपण ‘पुण्यतिथी’ म्हणतो, व त्या दिवसाचे स्मरण पुण्यकारक मानतो. भेद आहे तो आशयाचा. पुण्यतिथीस कृतार्थ जीवनाच्या समाप्तीचे स्मरण होते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मात्र हा मृत्यू हेच उद्धाराचे कृत्य होय. निष्पाप व्यक्तीने इतरांच्या पापांचे प्रायश्चित्त स्वतः भोगले, हा त्याचा मथितार्थ. म्हणूनच या दिवशी शोक आणि कृतज्ञता एकत्र नांदतात.

या दिवसाची तारीख स्थिर नाही. 21 मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा पुनरुत्थानाचा सण, आणि त्याच्या दोन दिवस आधीचा हा शुक्रवार. येथे पौर्णिमा धरावयाची ती चर्चच्या कोष्टकातील. पाश्चात्त्य गणनेप्रमाणे हा शुक्रवार 20 मार्च ते 23 एप्रिल या मर्यादेत पडतो. यहुद्यांच्या वल्हांडण सणाशी असलेला मूळ संबंध या चांद्र गणनेत टिकून राहिला आहे. 2024 मध्ये हा दिवस 29 मार्च रोजी, म्हणजे होळीनंतर थोड्याच दिवसांनी आला. 2025 मध्ये तो 18 एप्रिल रोजी, चैत्री पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात आला.

आचारांच्या बाबतीत पंथभेद स्पष्ट दिसतो. वसई व गोवा येथील कॅथलिक परंपरेत या दिवशी मिस्सा अर्पण केला जात नाही. वेदी उघडी ठेवतात, घंटा मौन पाळतात. त्यांच्या जागी लाकडी खुळखुळा वाजविण्याची जुनी रीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखभोगाचे वाचन, सर्वांसाठी प्रार्थना, क्रुसाची वंदना आणि आदल्या दिवशी पवित्र केलेल्या भाकरीचे सेवन असा उपासनेचा क्रम असतो. 18 ते 59 वर्षांच्या प्रौढांस उपवास विहित आहे. 1970 च्या रोमन उपासनाग्रंथाने या दिवसाच्या पोशाखाचा काळा रंग बदलून तांबडा केला. हा हुतात्म्यांचा रंग होय. शोकापेक्षा आत्मार्पणावर भर देण्याचा हेतू त्यातून व्यक्त होतो.

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात, तसेच अलायन्स मिशनने ज्या वऱ्हाडात कार्य केले तेथे, प्रॉटेस्टंट परंपरा रुजली. या परंपरेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने करण्याची पद्धत आहे. दुपारी बारा ते तीन ही तिची रूढ वेळ. मौज अशी की ही त्रितासिक उपासना मूळची पेरूमधील लिमा येथील जेझुइटांची. पुढे ती प्रॉटेस्टंटांनीही आपलीशी केली.

मराठी वाङ्मयाने हा विषय प्रारंभापासून हाताळला आहे. 1616 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी दुःखभोगाची कथा ओवीबद्ध केली. साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांस पुराणश्रवणाची सवय होती, तिचाच त्यांनी आधार घेतला. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन रूढ झाले, रेव्हरंड ना. वा. टिळक (1861–1919) यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

सारांश, आचार भिन्न असले तरी सूत्र एकच आहे. हा शुक्रवार स्वतःत पूर्ण नाही. त्याच्या मौनास पुढील रविवारच्या आनंदाची अपेक्षा असते. ‘उत्तम’ या विशेषणाचा खरा अर्थ या संबंधातच शोधावा लागतो.