पाण्यात बुडणारं तेल

माझी सगळी नोकरी रोहित्रांच्या तेलात गेली. खांबाजवळची डीपी असो की उपकेंद्रातलं धूड, त्याच्या पोटातलं तेल बाटलीत भरून आमच्या प्रयोगशाळेत यायचं. त्यात ओल किती, आम्ल किती, किती किलोव्होल्टला ते हात टेकतं, हे आम्ही काढून द्यायचो. बहुतेक बाटल्यांत खनिज तेल असे. क्वचित एखादी बाटली उचलताच वजनावरून कळायचं की ही वेगळी आहे. परीक्षानळीतल्या पाण्यात थेंब सोडला की खनिज तेल वर तरंगतं. हा थेंब मात्र सरळ तळाला जाऊन बसायचा. हे अस्करेल. त्यातला मुख्य माल पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल.

तळघरात, दाट वस्तीच्या इमारतीत, जिथे आगीच्या भीतीनं साधं तेल नको असे, तिथल्या रोहित्रांत आणि कपॅसिटरांत पीसीबी वापरत. ते सहजी पेट घेत नाही. वर्षानुवर्षं तापून निघालं तरी विघटत नाही. आम्लाला, अल्कलीला दाद देत नाही. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-चरबीत मात्र सहज मुरतं. बाल्टिक समुद्रातल्या सीलांबद्दल मी वाचायला लागले ते पीसीबीच्या निमित्तानं, आणि वाचता वाचता लख्ख दिसलं की ज्या गुणांसाठी आमचा धंदा या द्रवाला मानत होता, नेमके तेच गुण सीलांच्या मुळावर आले होते.

1929 साली अमेरिकेत पीसीबीचं कारखानी उत्पादन सुरू झालं. पुढच्या काही दशकांत जगभरात तेरा लाख टनांच्या आसपास तयार झालं. विजेच्या उपकरणांखेरीज ते रंगांत गेलं, इमारतींच्या फटी बुजवणाऱ्या लांबीत गेलं, कार्बनशिवाय प्रत उमटवणाऱ्या कागदात गेलं. या सगळ्यातून झिरपलेलं पीसीबी समुद्रात पोचत होतं आणि कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. 1966 साली स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन डीडीटी शोधत होते. आपल्याकडे मलेरियासाठी घरांच्या भिंतींवर फवारत, तेच डीडीटी. त्यांच्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखात डीडीटीच्या शेजारी काही अनोळखी शिखरं उमटत राहिली. मासे तपासले, मेलेला समुद्री गरुड तपासला, घरच्या माणसांचे केससुद्धा तपासले. शिखरं सगळीकडे होती. ती पीसीबीची निघाली. आलेखातलं अनोळखी शिखर ‘यंत्राची गडबड’ म्हणून सोडून देण्याचा मोह किती असतो, हे प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला विचारा. येन्सेननी ते सोडलं नाही, म्हणून मला हा माणूस फार मोठा वाटतो.

बाल्टिक हा जवळजवळ कोंडलेला समुद्र. डेन्मार्कपाशी अरुंद सामुद्रधुन्यांतून त्याचं पाणी बाहेर जातं आणि ते पुरतं बदलायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. भोवती कारखानदार देश. त्यात पडलेलं पीसीबी पाण्यात न राहता सूक्ष्म जिवांच्या स्निग्धांशात शिरतं. हेरिंग मासे ते जीव खातात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला तेलकट मासा. आणि हेरिंग खातो सील. थंड पाण्यात तगण्यासाठी सीलाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. प्रत्येक पायरीवर अन्न पचतं, पीसीबी पचत नाही, त्यामुळे पायरीगणिक त्याचं प्रमाण चढत जातं आणि शेवटी या थरात साठतं.

तिथेही ते स्वस्थ बसत नाही. ग्रे सीलची मादी पिलाला जेमतेम अडीच आठवडे पाजते. तिच्या दुधात साठ टक्क्यांपर्यंत चरबी असते आणि तेवढ्या दिवसांत पिलाचं वजन तिपटीच्या घरात जातं. या काळात आई सहसा काही खात नाही, अंगची चरबी वितळवून दूध करते. चरबीबरोबर पीसीबीही दुधात उतरतं. म्हणजे स्वतः पहिला मासा पकडण्याआधीच पिलाच्या अंगात आईनं वर्षानुवर्षं साठवलेल्या विषाचा मोठा वाटा गेलेला असतो. नराला अशी वाट नाही. त्याच्या अंगात ते वयाबरोबर वाढतच राहतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकमध्ये ग्रे सील ऐंशी हजार ते एक लाख असावेत असा अंदाज आहे. मच्छीमारांच्या जाळ्यांचा शत्रू म्हणून सरकारं सील मारायला बक्षीस देत, त्यामुळे आधी शिकारीनंच त्यांची संख्या पाडली. पण शिकार ओसरल्यावरही सील सावरेनात. 1970 च्या दशकात ग्रे सील चारेक हजारांवर आले होते. बोथ्नियाच्या उपसागरात रिंग्ड सील या दुसऱ्या जातीच्या प्रौढ माद्या तपासल्या, तर जेमतेम पाव माद्या गाभण निघाल्या.

माद्यांची गर्भाशयं उघडून पाहिल्यावर उलगडा व्हायला लागला. सीलच्या गर्भाशयाला दोन फाटे असतात. कित्येक माद्यांमध्ये त्यातला एक किंवा दोन्ही फाटे आतून आवळून बंद झाले होते. गर्भ राहायचा, लवकरच मरायचा, आणि त्या जागी व्रण धरून नळी मिटून जायची. एक फाटा मिटला तर दुसऱ्याची आशा; दोन्ही मिटले की ती मादी कायमची वांझ. शिवाय गर्भाशयात गाठी, आतड्यात खोल व्रण, वेडीवाकडी झालेली नखं. मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर सुजून जाड झालेला. संप्रेरकांचा कारभार तिथून चालतो, म्हणून अभ्यासकांनी बाकीच्या पुष्कळ व्याधींचं मूळ तिथे शोधलं. मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते कवट्यांच्या छायाचित्रांपाशी. निरोगी सीलाचा जबडा घट्ट, गुळगुळीत असतो. या कवट्यांत दातांभोवतीचं हाड झिजून सच्छिद्र झालेलं होतं, काही जागी दातच गळालेले. आणि ज्याला मासा दातांत धरून गिळायचा आहे, त्या प्राण्याचा हा जबडा.

समुद्रात पीसीबी एकटं नसतं, डीडीटी असतं, आणखीही बरंच असतं. मग दोष नेमका माशांतल्या प्रदूषणाचा कशावरून? हॉलंडच्या टेक्सेल बेटावर पीटर रेइंडर्स यांनी बारा-बारा हार्बर सील माद्यांचे दोन गट केले. एका गटाला प्रदूषित वॉडन समुद्रातले मासे, दुसऱ्याला ईशान्य अटलांटिकमधले त्या मानानं स्वच्छ मासे, असं सुमारे दोन वर्षं चाललं. पहिल्या गटात चार माद्या गाभण राहिल्या, दुसऱ्यात दहा. हा निष्कर्ष 1986 साली छापला गेला. मला असा स्वच्छ प्रयोग पाहिला की समाधान वाटतं, जरी ते समाधान पहिल्या गटातल्या गाभण न राहिलेल्या आठ माद्यांच्या जिवावरचं असलं तरी.

दोन वर्षांनी, 1988 च्या वसंतात, डेन्मार्कपाशीच्या कॅटेगट सामुद्रधुनीतल्या आनहोल्ट बेटावर हार्बर सीलची पिलं अकाली जन्मून मरू लागली. साथ उत्तर युरोपभर पसरली आणि सुमारे अठरा हजार सील गेले. कारण विषाणू होता, कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या जवळचा. पण प्रदूषणानं सीलांची प्रतिकारशक्ती आधीच खचली होती का, हा प्रश्न पुढे आला. त्यासाठी डच शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे बावीस तरुण सील आणले. निम्म्यांना बाल्टिकचं हेरिंग, निम्म्यांना अटलांटिकचं, असं अडीच वर्षं दिलं. बाल्टिकचं हेरिंग खाणाऱ्यांच्या रक्तात विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या पेशींचं बळ घटलं, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीही मंदावल्या. यावरून साथीचा सगळा दोष पीसीबीवर टाकता येत नाही, कारण स्वच्छ पाण्यातलेही सील त्या विषाणूनं मेले होते. पण या प्रयोगातला एक तपशील मला स्वस्थ बसू देत नाही. ते हेरिंग माणसांसाठीच पकडून बाजारात विकलं जाणारं होतं.

स्वीडननं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच पीसीबीच्या खुल्या वापरावर बंदी घातली, अमेरिकेतलं उत्पादन 1977 मध्ये थांबलं, आणि 2001 च्या स्टॉकहोम करारानं ते जगाच्या नकोशा रसायनांच्या यादीत घातलं. हेरिंगमधलं प्रमाण हळूहळू उतरलं, गर्भाशयं मोकळी राहू लागली. आज बाल्टिकमध्ये मोजणीत चाळीस हजारांहून अधिक ग्रे सील दिसतात. जाळी फाटतात म्हणून मच्छीमार पुन्हा वैतागले आहेत, आणि स्वीडननं परवान्यानं शिकार खुली केली आहे. मच्छीमारांचं नुकसान खरं आहे. तरी भांडण सीलांच्या गर्दीवरून व्हावं, ही स्थिती मला 1975 पेक्षा हजारपट बरी वाटते.

पण समुद्र अजून धुऊन निघालेला नाही. स्वीडनचं अन्नखातं मुलांना, तरुणांना आणि गरोदर बायकांना सांगतं, बाल्टिकचं हेरिंग वर्षातून दोन-तीनदाच खा. बंदीनंतर पन्नास वर्षांनी.

आणि जे पीसीबी अजून समुद्रात गेलेलं नाही, ते जुन्या उपकरणांच्या पोटात आहे. भारतानं 2016 च्या आदेशानं त्याचं उत्पादन आणि आयात बंद केली, वापर थांबवायला 31 डिसेंबर 2025 ही मुदत घातली. कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात जुनं रोहित्र भंगारात निघतं तेव्हा आधी ड्रेन व्हॉल्व्ह उघडतो, तेल मिळेल त्या पिंपात जातं आणि उरलेलं जमिनीवर. नेमप्लेट कधीच उचकटलेली असते. तेलांची सरमिसळ झाली की थेंब पाण्यात सोडून काही कळत नाही, खनिज तेलातलं थोडं पीसीबी तरंगतंच. त्याला क्रोमॅटोग्राफच लागतो. म्हणून नेमप्लेट नसलेल्या किंवा सत्तरच्या दशकातल्या प्रत्येक रोहित्राचं आणि कपॅसिटरचं तेल व्हॉल्व्ह उघडण्याआधी तपासलं पाहिजे, लिलावाच्या कागदांत त्या तपासणीचा आकडा लिहिलेला असला पाहिजे, आणि दहा लाख भागांत पन्नासाच्या वर पीसीबी निघालं तर ते पिंप भंगारवाल्याच्या टेंपोत चढता कामा नये.