चक्रीवादळाची उजवी बाजू

परभणीजवळचें आमचें पेडगांव समुद्रापासून सुमारें ४०० किलोमीटर आंत आहे. तेथील निवृत्त शिक्षकानें चक्रीवादळावर बोलावें याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु सप्टेंबर २०२१ मध्यें 'गुलाब' वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर चढलें, आणि त्याच्या अवशेषानें दोन दिवसांत मराठवाडा जलमय केला. सोयाबीनचीं उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. पुढें तेंच अरबी समुद्रांत उतरून 'शाहीन' या नांवानें ओमानवर गेलें. मात्र आम्हांस पोंचतो तो केवळ पाऊस. किनाऱ्यावर घडतें तें निराळें, व आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

चक्रीवादळ पोसलें जातें कोमट समुद्रावर. पाण्याचें उष्णमान साडेसव्वीस अंशांच्या वर गेलें म्हणजे भरपूर वाफ उठते. उंचावर तिचें पुन्हां पाणी होतांना गुप्त उष्णता बाहेर पडते, हवा तापून आणखी वर जाते, आणि खालीं दाब उतरतो. ती उणीव भरण्यास चोहोंकडून वारा धांवतो. पण पृथ्वी फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत तो उजवीकडे ढळतो, व अखेर मध्याभोंवतीं घड्याळाच्या कांट्यांच्या उलट फिरूं लागतो. एवढें ध्यानांत ठेवावें.

३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आलें. आदल्या दिवशीं सर्वांस घोर होता मुंबईचा. प्रत्यक्षांत मुंबई थोडक्यांत सुटली, आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतले माड व पोफळी आडव्या झाल्या. यास कोणी दैव म्हणेल. पण कागदावर एक उभी रेघ काढा. तिच्या डावीकडे समुद्र, उजवीकडे कोंकण. रेघेवर मध्य धरून वर्तुळ काढा व बाण उलट दिशेनें फिरवा. मध्याच्या दक्षिणेस बाण समुद्राकडून जमिनीकडे जातात. उत्तरेस जमिनीकडून समुद्राकडे. वादळ स्वतः ईशान्येकडे सरकत होतें, म्हणून त्याची चाल दक्षिणेकडील वाऱ्यांत मिळाली आणि उत्तरेकडील वाऱ्यांतून वजा झाली. वादळाच्या वाटेची उजवी बाजू ती हीच.

उलट १७ मे २०२१ रोजीं 'तौक्ते' मुंबईच्या पश्चिमेकडून उत्तरेस निघालें. या वेळीं शहर उजव्या अंगास आलें. सांताक्रूझ येथें २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, आणि गेटवेसमोर समुद्रानें शहराचाच कचरा शहरास परत केला!

पाणी चढतें त्याचीं कारणें दोन. दाब एक हेक्टोपास्कल उतरला कीं समुद्र सुमारें एक सेंटिमीटर फुगतो, हें थोडेंच. खरा जोर वाऱ्याचा. तो उथळ किनाऱ्याकडे पाणी लोटून त्याची रास करतो. त्यांत उधाणाची भरती गांठली, तर खाडी बांध ओलांडून भातखाचरांत व विहिरींत शिरते, आणि पावसानें मीठ धुऊन निघेपर्यंत त्या जमिनींत पीक धड येत नाहीं.

वादळानें किनाऱ्यास शिवलेंच पाहिजे असेंहि नाहीं. ऑक्टोबर २०१९ मध्यें 'क्यार' भर समुद्रांतून ओमानच्या रोखानें गेलें, तरी त्याच्या लाटांनीं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पाणी आंत आणलें. लाटा वादळाच्या पुढें शेंकडों किलोमीटर धांवतात. म्हणून आकाश निरभ्र दिसतें एवढ्यावर होडी लोटूं नये.

वादळ गेल्यावरही समुद्र पूर्वीसारखा राहत नाहीं. वाऱ्यानें तो घुसळला जाऊन खालचें थंड पाणी वर येतें, पृष्ठभाग कधीं दोन-तीन अंशांनीं निवतो. त्याबरोबर पोषक द्रव्यें वर येतात व सूक्ष्म वनस्पति इतक्या माजतात कीं पाण्याचा पालटलेला रंग उपग्रहांस दिसतो. किनाऱ्यालगत मात्र नद्यांचा गाळ येऊन पाणी गढूळ होतें, आणि खाडीचें तोंड गोडसर.

हें सारें कांहीं आठवड्यांत निवळतें. वाड्यांचें तसें नाहीं. पोफळीचें रोप फळावर येण्यास पांच ते आठ वर्षें लागतात. 'निसर्गां'त बाग गेलेल्या ज्या श्रीवर्धनकरानें त्याच पावसाळ्यांत नवीं रोपें लावलीं, त्यासहि पहिल्या सुपारीसाठीं निदान २०२५ पर्यंत वाट पाहणें प्राप्त होतें.