ओझे उचलणारे मळसूत्र

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळीच्या तीरावर वसलेले बजबज तागाच्या गिरण्यांसाठी फार वर्षांपासून प्रसिद्ध आहे. कच्च्या तागाची रूढ गासडी १८० किलोग्रॅम वजनाची असते. अशी गासडी उचलणारा यंत्रमानव तयार करावयाचा झाल्यास त्याचे दंतचक्र किती बळकट असावे?

या कामी बहुधा वर्म गिअर, म्हणजे मळसूत्र व चाक यांची जोडी, वापरतात. मळसूत्र पोलादाचे व चाक काशाचे असते. एकेरी आट्याचे मळसूत्र एकदा फिरले की चाक एकच दाता पुढे सरकते. चाकास ४० दाते असल्यास वेग चाळिसाव्या हिश्शावर येतो. ही युक्ती आपल्या देशास नवी नाही. सरकी काढण्याच्या जुन्या चरकीत रुळांच्या टोकांना कोरलेले लाकडी आटे परस्परांत गुंतत आणि रूळ उलटसुलट फिरत.

आता हिशेब पाहू. दोर गुंडाळणाऱ्या पिंपाची त्रिज्या १० सेंटिमीटर धरल्यास गासडीचे परिबल सुमारे १७६ न्यूटन-मीटर होते. चाकाची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल, तर दात्यांवर २,२०० न्यूटन दाब येतो. उचलताना बसणारा हिसका जमेस धरून दाते निदान दुप्पट दाबासाठी निवडावेत.

बळकटीइतकेच महत्त्व घर्षणास आहे. आट्यांचा चढ ४ अंशांचा व घर्षणगुणांक ०.१ असल्यास कार्यक्षमता सुमारे ४० टक्के भरते. त्यामुळे मोटरला ११ न्यूटन-मीटर परिबल द्यावे लागते आणि साठ टक्के शक्ती उष्णतेत जाते. ही उष्णता बाहेर पडली नाही, तर वंगण पातळ होते व काशाचे दाते झिजतात.

परंतु हेच घर्षण ओझ्याला खाली घसरू देत नाही. ०.१ गुणांकाचा घर्षणकोन ५.७ अंश, म्हणजे चढाहून मोठा असतो. म्हणून मोटर थांबली तरी गासडी अधांतरी राहते. मात्र उत्तम वंगणाने गुणांक ०.०६ वर आला, तर तो कोन ३.४ अंशांवर उतरतो आणि ओझे घसरू लागते. यंत्राच्या कंपनांनीही पकड सुटू शकते.

म्हणून खाली माणसे वावरत असतील तेथे मळसूत्राच्या पकडीवर विसंबू नये. स्वतंत्र ब्रेक अवश्य बसवावा. दात्यांनी ओझे पेलावे, ब्रेकने ते धरून ठेवावे, ही कामांची वाटणीच यंत्राला सुरक्षित करते.