संगणक सारखा बंद पडून पुन्हा चालू का होतो?

मंडळी, आता गावोगावी संगणक आला आहे. कुणी त्याला कॉम्प्युटर म्हणतं. तो ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, दूध डेअरीतही आहे. सकाळी आपण किटली घेऊन डेअरीत जातो. दुधाचं माप होतं. फॅट काढली जाते. संगणकात आपला नंबर घातला की पावती बाहेर येते. याच हिशेबावर पुढे दुधाचं बिल मिळतं.

पण एखाद्या दिवशी काय होतं? पंधरा-वीस जणांचं दूध मापून झालेलं असतं. तेवढ्यात पडदा काळा पडतो. कुणी हातही लावलेला नसतो. यंत्र आपोआप बंद होतं आणि आपोआपच पुन्हा चालू होतं. जरा वेळानं परत तेच. रांग थांबते. दूध तापू लागतं. मग कुणी म्हणतं, "यंत्र म्हातारं झालं, नवीन घ्या." कुणी त्याच्या डोक्यावर चापट मारून बघतं.

नवीन यंत्र घ्यायचं म्हणजे सोसायटीचे पैसे जाणार, आणि सोसायटीचे पैसे म्हणजे आपलेच पैसे. खरं कारण पुष्कळदा लहानसं असतं. प्लग सैल असतो, पंखा धुळीनं अडलेला असतो, नाहीतर बॅटरी संपलेली असते. कारण शोधायची एक रीत आहे. ती आज आपण समजून घेऊ.

पाटी आणि वही

संगणकात लिहायच्या दोन जागा असतात. एक पाटीसारखी. तिला रॅम म्हणतात. चालू काम तिच्यावर असतं. दुसरी वहीसारखी. तिला डिस्क म्हणतात. जपून ठेवलेलं काम तिच्यात असतं. वीज गेली की पाटी कोरी होते. वहीतलं राहतं.

म्हणून यंत्र सारखं बंद पडू लागलं तर दुरुस्तीच्या आधी दोन कामं करावीत. पहिलं, चालू काम वरचेवर सेव्ह करावं, म्हणजे पाटीवरचं वहीत उतरवावं. बऱ्याच कामांत कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकत्र दाबली की ते होतं. दुसरं, आजवरच्या सगळ्या हिशेबाची एक नक्कल पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवावी. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं, पण गेलेला हिशेब परत आणणं फार अवघड. शिवाय यंत्र नीट होईपर्यंत कागदाच्या वहीत नाव, लिटर आणि फॅट लिहून ठेवावी.

आधी बघा, मग लिहा

डॉक्टर विचारतात, ताप केव्हा येतो? सकाळी की रात्री? थंडी वाजून येतो का? यंत्राचंही तसंच आहे. आता आपल्याला लिहिता येतं. एक कागद यंत्राशेजारी ठेवा आणि यंत्र बंद पडेल तेव्हा त्यावर लिहा. समजा, असं लिहिलं आहे:

सोमवार, सकाळी 7 वाजता. प्रिंटर चालू केला तेव्हा बंद पडलं.
मंगळवार, सायंकाळी 6 वाजून 30 मिनिटांनी. दिवे मंद झाले तेव्हा बंद पडलं.
बुधवार, सकाळी 7 वाजता. प्रिंटर चालू केला तेव्हा बंद पडलं.

या तीन ओळींतच अर्धं उत्तर आलं. दोष विजेत असावा, हे वाचणाऱ्याला कळतं.

यंत्र कसं बंद पडतं, तेही बघा. त्याच्या तीन तऱ्हा आहेत. काहीही न दिसता एकदम अंधार झाला, तर विजेकडे किंवा उष्णतेकडे बघावं. आधी क्षणभर एक निळं पान आलं आणि मग बंद पडलं, तर रॅम, डिस्क किंवा विंडोजच्या आतल्या कामात दोष असावा. विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीत हे पान काळं असतं, पण त्यावर अक्षरं दिसतात. आणि आधी पडद्यावर सूचना येऊन मग बंद पडलं, तर तो बहुधा बिघाड नव्हेच. विंडोज आपली नवी सुधारणा बसवून घेत असतं.

बाहेरची वीज

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं करू नये. आधी बाहेरचं तपासावं. संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, आणि मग वायरी बघा. पेटीच्या मागची वायर घट्ट बसली आहे का? भिंतीतला प्लग हलतो का? प्लग काळवंडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो वापरूच नका. वायरमनला बोलवा.

आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची धरली जाते. पण एकदम सगळ्या मोटारी चालू झाल्या की दाब उतरतो. दाब क्षणभर उतरला तरी संगणकाला तेवढं पुरतं. तो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हे टाळायला यूपीएस नावाची पेटी लावतात. तिच्यात बॅटरी असते. वीज अडखळली की ती काही मिनिटं काम सांभाळते.

पण ही बॅटरी साधारण दोन ते चार वर्षांत थकते. बाहेरून पेटीचा दिवा लागलेला दिसतो, आत जीव नसतो. तपासायची युक्ती सोपी आहे. यूपीएसला संगणकाऐवजी 100 वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावा. मग भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब पाच मिनिटं जळत राहिला तर बॅटरी ठीक आहे. लगेच विझला तर बॅटरी बदलावी. लहान एलईडी बल्ब मात्र लावू नका. त्याला फार थोडी वीज लागते. थकलेली बॅटरीही त्याला चालवते, आणि आपण फसतो.

आणखी एक गोष्ट. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. कागदावर शाई पक्की करायला तो आतला रूळ तापवतो. त्या वेळी तो एकदम पुष्कळ वीज ओढतो. तेवढी यूपीएसला पेलत नाही, आणि बिचारा संगणक बंद पडतो. प्रिंटरला भिंतीवर वेगळा प्लग द्यावा.

आतली उष्णता

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम करताना तो तापतो. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, आणि ठोकळ्यावर पंखा. पात्यांत धूळ भरली की वारा लागत नाही. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास तापला, की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद पडतं.

याची खूण अशी. सकाळी थंडपणी यंत्र बरं चालतं. अर्ध्या-पाऊण तासानं बंद पडतं. लगेच चालू केलं तर लवकर पडतं. थोडी विश्रांती दिली तर पुन्हा चालतं.

उपाय हाताशी आहे. यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढा. पेटी अंगणात न्या. मागचे स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडा. पेटीच्या उघड्या धातूला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग कोरड्या, मऊ ब्रशानं धूळ झाडा. झाडताना पंखा बोटानं धरून ठेवा. ओलं फडकं लावू नका. धूळ काढूनही यंत्र तापत असेल, तर प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधला लेप सुकला असेल. तो लेप मेकॅनिककडून बदलून घ्यावा. शिवाय पेटी भिंतीला चिकटवून किंवा पोत्यांच्या आड ठेवू नये. तिलाही वारा लागतो.

उघडू नये अशी पेटी

मोठ्या पेटीत मागच्या बाजूला एक लहान लोखंडी पेटी असते. तिला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन ती 12, 5 आणि 3.3 व्होल्ट अशी बारीक करून आतल्या भागांना वाटते. ती थकली की जड काम आलं की यंत्र बंद पडतं. ही लहान पेटी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात काही वेळ विजेचा जोरदार धक्का देण्याइतका साठा राहतो. दुसरी चांगली एसएमपीएस लावून बघणं हीच तिची परीक्षा. ते काम मेकॅनिकचं.

मुख्य पाटा म्हणजे मदरबोर्ड. त्यावर लहान डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांची डोकी फुगली असतील किंवा तपकिरी रस आला असेल, तर दोष तिथं आहे. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर असे कच्चे कपॅसिटर विकले गेले होते, आणि त्यांच्यामुळे पुष्कळ संगणक बिघडले.

दोष यंत्रात की विंडोजमध्ये?

हे ओळखायला एक युक्ती आहे. यंत्र चालू होताच डिलीट किंवा एफ-2 बटण दाबत राहिलं, की बहुतेक यंत्रांत बायोसचं पान उघडतं. तिथं काही बदलू नका. नुसतं तसंच चालू ठेवा. तिथंही यंत्र बंद पडलं, तर दोष यंत्रात किंवा विजेत आहे. तिथं तासभर नीट चाललं आणि विंडोजमध्येच पडलं, तर विंडोजकडे संशय जातो. पण रॅमही तपासावी. त्यासाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची सोय असते.

कधी व्हायरसही असं करतो. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा असाच उपद्रव जगभर पसरला. पडद्यावर 60 सेकंदांची उलटी मोजणी दिसे आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होई. पुष्कळांना वाटलं, यंत्रच गेलं. यंत्र धड होतं. ज्यांनी विंडोजची सुधारणा आधीच बसवली होती, त्यांना हा त्रास झाला नाही. म्हणून सुधारणेची सूचना आली की टाळू नये. डेअरीची वेळ सोडून, दुपारी ती बसवून घ्यावी.

एका वेळी एकच

सगळ्यांत मोठा नियम हा. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग एक दिवस बघा, आणि कागदावर लिहा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही. पुढच्या खेपेला परत चारांचे पैसे जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी गत होते.

मेकॅनिक बोलवावा लागला तरी हरकत नाही. त्याच्या हाती तो कागद द्या. काढलेला जुना भाग मागून घ्या, आणि काय बदललं ते पावतीवर लिहून घ्या. लिहिता-वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवणं अवघड असतं.

वाचा आणि सांगा

1. वीज गेली की पाटीवरचं पुसतं की वहीतलं?
2. लेसर प्रिंटर यूपीएसवर का लावू नये?
3. सकाळी बरं चालणारं यंत्र तासाभरानं बंद पडतं. आधी काय बघाल?
4. कोणती पेटी कधीही उघडू नये? का?
5. आपल्या गावातल्या संगणकाच्या हिशेबाची नक्कल कुठं ठेवली आहे? विचारून या.