उष्टावणानंतरचे घास

दसरा-दिवाळी उलटली की धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीचे कोयते कारखान्यांकडे निघतात. तान्हे मूल आईबरोबर फडावर जाते. अंगणवाडी गावातच राहते.

सहा महिने आईचेच दूध पुरते. पुढे दुधाच्या जोडीला मऊ वरणभात, अंडे, पालेभाजी हवी. नवव्या महिन्यापासून दिवसातून तीन-चार वेळा. वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरते, अंग धरत नाही. बँकेतला चुकलेला हप्ता दंडासह भरता येतो. पहिल्या हजार दिवसांत खुंटलेली उंची सहसा भरून निघत नाही.

२००५ साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. त्या सुमारास राज्यात दोन वर्षांखालची ३९ टक्के मुले खुरटलेली होती. २०१२ मध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांखाली आले. म्हणजे हे जमते.

पहाटेच फडात उतरणाऱ्या आईला बोल लावण्याआधी एवढेच विचारू या: बाळाला घास भरवायला तिला उसंत कोण देतो?