अक्षरांची राखण

इ. स. १९३२ ची गोष्ट. धुळ्याच्या तुरुंगात अनेक सत्याग्रही शिक्षा भोगीत होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा भावे तेथे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन करीत आणि साने गुरुजी त्यांचा शब्द न् शब्द टिपून घेत. १९ जूनला अठरावे प्रवचन झाले. पुढे त्या टिपणांवरून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला व अनेक भाषांत गेला. विनोबांची वाणी तुरुंगाच्या भिंतींआड विरून गेली नाही. कारण ती लिहून घेणारा हात तेथे होता.

सर्वच अक्षरांचे भाग्य असे थोर नसते. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले, तेव्हा कित्येक दप्तरे माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडली होती. जे हाती आले त्यातून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांचे कार्य पुढे चालावे म्हणून त्याच नगरीत राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जळगावजवळच्या जैन हिल्सवर २०१२ साली सुरू झालेल्या ‘गांधीतीर्था’त गांधीजींविषयीच्या कागदपत्रांचे जतन होते.

अशा सेवाभावी संस्था नफ्यासाठी चालत नाहीत. त्या लोकांच्या देणग्यांवर आणि श्रमावर चालतात. काम डोंगराएवढे आणि हात मोजके! येथे संगणक व महाजाल त्यांच्या साहाय्यास येतात.

ते कसे? प्रथम जुन्या पानाचे स्वच्छ छायाचित्र घेतात. मग त्याची नोंद करतात: कागद कोणाचा, कोणत्या सालचा, कोणत्या विषयाचा. ही नोंद फार महत्त्वाची. नोंदीवाचून हजारो छायाचित्रे म्हणजे पत्ता न लिहिलेल्या पत्रांचा ढीगच होय. नोंदवही महाजालावर असली, म्हणजे जळगावचा कार्यकर्ता व पुण्याचा अभ्यासक एकाच वेळी तीत भर घालू शकतात. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्यास तत्काळ दिसते. देणग्यांचा हिशेबही असाच ठेवता येतो. विश्वस्त संस्थेला आपला हिशेब चोख ठेवून तपासून घ्यावाच लागतो. कारण तो पैसा लोकांचा असतो.

याचे एक सुंदर उदाहरण म्हणजे मराठी ‘विकिस्रोत’ हे मुक्त ग्रंथालय. विकिपीडियाप्रमाणेच हे ग्रंथालयही विकिमीडिया फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या आधाराने चालते. तेथे पडद्यावर एका बाजूस छापील पानाचे चित्र असते, दुसऱ्या बाजूस त्याचा मजकूर. एक स्वयंसेवक दोन्ही ताडून चुका सुधारतो. दुसरा ते पान पुन्हा तपासतो. दोघांची नजर फिरल्यावरच ते पान प्रमाणित ठरते. मोबदला कोणी घेत नाही.

मात्र प्रत्येक पुस्तक असे खुले करता येत नाही. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या प्रसिद्ध लेखनावर हक्क राखलेला असतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ च्या आरंभी सर्वांसाठी मुक्त झाले. ज्यांचा हक्क अद्याप चालू आहे, त्यांच्या लेखनासाठी अनुमती घ्यावी लागते.

यंत्राच्याही मर्यादा आहेत. छापील अक्षर संगणक बऱ्यापैकी ओळखतो. पण घाईने लिहिलेली, शाई पुसट झालेली मोडी त्याला चकविते. तेथे मोडीचा जाणकारच हवा. शिवाय संगणकही बिघडतो, म्हणून प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्या लागतात. आणि प्रत झाली म्हणून मूळ कागद टाकून देऊन चालत नाही. कागदाचा पोत, शाई, शिक्का हेही इतिहासाचे साक्षीदारच असतात.

१९३२ साली साधन होते लेखणी. आज आहे संगणक. साधने पालटली, तरी पुढच्या पिढीसाठी निरपेक्षपणे अक्षरे राखणारा माणूस मात्र तेव्हाइतकाच आजही हवा आहे. आपल्याही घरच्या जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचा एखादा कागद असेल. तो रद्दीत जाण्यापूर्वी कोणीतरी उलगडून पाहिला पाहिजे.