ड्रॉइंगांचे दप्तर आणि त्याचा सर्व्हर



युनियनच्या माणसाने संगणकाच्या सर्व्हरवर काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांना आली असेल. शंका रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही आले ते लेथवर, चौकशीच्या खोलीत आणि रात्री पुस्तके चाळून. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका चार्जशीटने मला तिकडे ढकलले.

१९९६ साली एका कारखान्यात आमच्या एका टर्नरने शाफ्टचे चाळीस नग कापले आणि चाळीसही रिजेक्ट झाले. मशीनपाशी टांगलेल्या ड्रॉइंगवर व्यास ३४.८ मिलिमीटर होता. ड्रॉइंग ऑफिसने तो आठ दिवसांपूर्वी ३५ केला होता. शाफ्ट जाड राहिला असता तर पुन्हा कापता आला असता. बारीक झालेला शाफ्ट भंगारातच जायचा. नवी प्रत खाली दिली होती, असे फोरमनचे म्हणणे. मिळाली नाही, असे टर्नरचे. चौकशीत मी त्याच्या बाजूने उभा होतो आणि दाखवायला माझ्या हाती कागदाचा चिटोराही नव्हता. त्याला चार दिवस बिनपगारी घरी बसवले.

तेव्हा प्रश्न असा की, अमुक दिवशी अमुक वाजता खरे ड्रॉइंग कोणते होते, हे सांगणार कोण? आज हे काम सॉलिडवर्क्स पीडीएम किंवा ऑटोडेस्क व्हॉल्ट अशा सॉफ्टवेअरकडे असते, आणि त्यांच्या पोटात मायक्रोसॉफ्टचा एस्क्यूएल सर्व्हर हा डेटाबेस चालतो.

ही व्यवस्था समजायला गावचा सातबारा आठवावा. जमीन शिवारात असते. ती कोणाची, पूर्वी कोणाची होती, फेरफार कधी झाला, हे तलाठ्याच्या दप्तरात असते. इथेही तसेच आहे. ड्रॉइंगच्या फायली एका साठवणीत राहतात. प्रत्येक फायलीची कितवी आवृत्ती चालू आहे, ती कोणी बदलली, कोणी मंजूर केली, हे सारे डेटाबेसच्या तक्त्यांत राहते. माहिती अशी तक्त्यांत मांडून तक्त्यांचा परस्परांशी संबंध जोडावा, ही कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. इंजिनिअरने फाईल बदलायला घेतली की दप्तरात तशी नोंद होते आणि इतरांना ती तेवढा वेळ फक्त वाचता येते. परत ठेवली की नवी आवृत्ती. जुनी पुसली जात नाही.

पीडीएमची साठवण उघडून पाहिली तर आत ड्रॉइंगांची नावे नसतात, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ फक्त डेटाबेसला ठाऊक. म्हणजे दप्तर जळाले तर शिवार जागेवर असूनही कोणते शेत कोणाचे, हे सांगता येणार नाही.

आता उभारणीकडे येतो. सर्व्हरला स्वतंत्र यंत्र द्यावे. लहान कारखान्यांत तो एखाद्या ड्राफ्ट्समनच्याच संगणकावर बसवतात. तो गृहस्थ संध्याकाळी बटण बंद करून घरी गेला की दुसऱ्या पाळीचे दप्तर मिटते. आधी एस्क्यूएल सर्व्हर बसवायचा, मग पीडीएमच्या साठवणीची आणि डेटाबेसची सेवा, मग दोन्हींवर ड्रॉइंगांची तिजोरी, आणि शेवटी प्रत्येकाच्या टेबलावरचा प्रोग्राम. बसवतानाच अक्षरजुळणीचा नियम विचारला जातो. इंग्रजीतील मोठे आणि लहान अक्षर एकच मानणारा नियम निवडावा. सर्व्हर बसल्यावर तो बदलणे मोठे कटकटीचे असते.

पीडीएमच्या स्टँडर्ड प्रकाराबरोबर एस्क्यूएल सर्व्हरची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती चालते. २०२२ च्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसला १० गिगाबाइटची मर्यादा आहे. आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण ड्रॉइंगच्या फायली त्यात धरल्या जात नाहीत, नोंदी तेवढ्या धरल्या जातात. मोठ्या कारखान्याला विकतची आवृत्ती लागते. तिला स्मरणशक्तीची कमाल मर्यादा घालून द्यावी, नाहीतर ती यंत्राची मिळेल तेवढी मेमरी घेऊन बसते आणि शेजारच्या कामांची उपासमार होते.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. डेटाबेस प्रत्येक बदल प्रथम एका रोजनाम्यात लिहितो. वीज मध्येच गेली तर या रोजनाम्यावरून अर्धवट व्यवहार एक तर पुरा होतो, नाहीतर मागे घेतला जातो. ‘फुल रिकव्हरी’ ही पद्धत निवडली तर बिघाडाच्या अगदी जवळच्या क्षणापर्यंत परत येता येते. पण त्यासाठी रोजनाम्याचाही वेळोवेळी वेगळा बॅकअप घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर रोजनामा फुगत जातो, डिस्क भरते, आणि एके सकाळी कोणालाच ड्रॉइंग परत ठेवता येत नाही.

बॅकअप डेटाबेसचा आणि साठवणीचा, दोन्हींचा हवा. आधी डेटाबेसचा घ्यावा, लगेच साठवणीचा. म्हणजे दप्तरात ज्याची नोंद आहे ते ड्रॉइंग साठवणीत बहुधा सापडतेच. उलट केले तर नोंद आहे आणि ड्रॉइंग नाही, अशी स्थिती येते. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. ‘रोज घेतो’ असे छातीठोक सांगणारे मला पुष्कळ भेटले; उघडून पाहिलेले थोडे.

२०१८ साली दुसऱ्या एका कारखान्यात जवळजवळ तीच चार्जशीट पुन्हा माझ्यापुढे आली. या वेळी तिथे पीडीएम होते. मी ड्रॉइंगचा इतिहास मागितला. कामगाराच्या प्रतीच्या कोपऱ्यात छपाईची वेळ होती सकाळी ७ वाजून १० मिनिटे. नवी आवृत्ती मंजूर झाली होती ११ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे नग कापून झाल्यावर. साहेबांनी दोनदा पडद्याकडे पाहिले आणि चार्जशीट मागे घेतली.

मग मी विचारले, हा बदल पाळीच्या मध्ये कोणी केला? नोंदीत नाव होते ‘अ‍ॅडमिन’. ड्रॉइंग ऑफिसातील सहाही जण त्याच एका नावाने आणि एकाच पासवर्डाने आत जात होते. पुढच्या मागणीपत्रात आम्ही प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि मशीनवरच्या कामगाराला मंजूर ड्रॉइंग पाहण्याची परवानगी, असे कलम घातले. व्यवस्थापनाने ते पहिल्याच बैठकीत मान्य केले. पगारवाढीवर मात्र सात महिने गेले.